मन लागत नाही, की फरशी पुरत नाही?

ताई, नमस्कार.

मी जुळे सोलापुरात राहते, वय ५४. लग्नाआधीपासून गोधड्या शिवते. आईकडून शिकले, पुढं सासूबाईंनी हात पक्का केला. बाळीवेशीतल्या वाड्यात असताना वर्षाला तीन गोधड्या सहज व्हायच्या. पाऊस सरून ऊन पडायला लागलं की हात शिवशिवायचे. आता तसं होत नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघते तेव्हा अंगात येतं, वहीत आराखडा काढते, चाटी गल्लीतून कापड आणते, आणि मग ते कपाटात जातं. यंदाची यादी अशी: लेकीला पौषात बाळ होणार आहे त्याचं दुपटं, पुतणीच्या मैत्रिणीची डबलबेडची ऑर्डर (दिवाळीला हवी आहे, ५०० रुपये विसार घेऊन बसले आहे), युनिफॉर्मच्या कारखान्यातून किलोवर आणलेल्या कातरणांची एक, भिंतीवर लावायला मोराची एक, आणि सासूबाईंच्या इरकलीची एक. ती नऊवारी कापायला मात्र हात धजावत नाही. शिवाय माळ्यावर दोन अर्धवट पडल्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी आम्ही फ्लॅटमध्ये आलो. जागा आटोपशीर आहे, आवरायला सोपी. वरच्या मजल्यावरच्या तेलुगू मावशी दोनदा विचारून गेल्या, 'बोंत घालताय का? टाके घालायला येऊ का?' पण हॉलमध्ये पसारा कशाला म्हणून मीच टाळलं. हे म्हणतात, चादरींच्या गावात गोधडीचं खूळ कशाला? आता पितृपक्ष लागला. नवीन काही सुरू करायचं नाही, म्हणजे आणखी पंधरा दिवस गेले. ताई, दोन वर्षं झाली, एकही गोधडी पुरी नाही. वय झालं, की आळस भरला? पूर्वीची हौस परत कशी आणू?

— एक शिवणारी

*

हौस राहू द्या बाजूला. आधी सांगा, तुमच्या हॉलमध्ये दिवाण कुठल्या भिंतीला आहे? आणि टीपॉय उचलला तर किती फूट मोकळी फरशी मिळते?

हसू नका. पत्राच्या मधोमध तुम्ही लिहिलंय, 'दोन वर्षांपूर्वी आम्ही फ्लॅटमध्ये आलो.' आणि शेवटाकडं लिहिलंय, 'दोन वर्षं झाली, एकही गोधडी पुरी नाही.' दोन्ही वाक्यं तुमचीच, फक्त शेजारी शेजारी ठेवून बघायची राहिली. ठिगळाला ठिगळ जुळवण्यात आयुष्य गेलेल्या बाईकडून हे सुटावं म्हणजे कमाल आहे!

वाड्यातलं आठवा. सोप्यात शहाबादी फरशी, तिच्यावर एकदा गोधडी पसरली की आठ-दहा दिवस ती तिथंच. चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, इस्त्री, नाहीतर धान्याचा डबा. पोरं तिच्यावरून उड्या मारत जायची, शिव्या खायची. दुपारी भांडी झाली की तुम्ही बसायचा, सासूबाई समोरून बसायच्या, शेजारची कुणी बोलायला आली तर बोलता बोलता तीही एक ओळ ओढून जायची. शिवायला 'सुरुवात' अशी करावीच लागत नव्हती. काम पसरलेलंच असायचं, माणसं येऊन त्याला चिकटायची.

आता फ्लॅटमधलं बघा. टीपॉय बेडरूममध्ये, खुर्च्या डायनिंगखाली, फरशी झाडा, पुसा, वाळू द्या. मग खालचं कापड अंथरा, त्याच्यावर थर, प्रत्येक थराची सुरकुती काढा, वरचं कापड सरळ बसवा. पाऊण तास गेला आणि टाका एकही पडला नाही. पुढचा तासभर बरा जातो तोच बेल वाजते, नाहीतर यजमान जेवायला येतात. सगळं गुंडाळा. गुंडाळताना थर सरकतात. दुसऱ्या दिवशी परत पाऊण तास, वर कालचं सरकलेलं नीट करायचं. तिसऱ्या दिवशी माणूस सोफ्यावर बसून मोबाइल काढतं आणि म्हणतं, मन लागत नाही.

मन कशाला लागेल? मन शहाणं आहे. त्याला माहीत आहे की आज बसायचं म्हणजे आधी हमाली करायची.

हे मी बाहेरून सांगत नाही. होटगी रोडला फ्लॅटमध्ये आल्यावर तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की माझे डोळे गेले. नंबर तपासून घेतला, चष्मा बदलला, तरी गोधडी काही होईना. मग एकदा लग्नघरी आठ दिवस राहायला गेले. तिथं मोठा हॉल, एका कोपऱ्यात कुणाची तरी वाकळ पसरलेली. आठ दिवसांत मी तिची अर्धी बाजू टिपून टाकली, ती पण परक्याच्या घरची! डोळे तेच होते.

एवढं मात्र विचारते. स्वयंपाक, फोनवरच्या गप्पा, शेजारणीकडं जाणं, यातलंही काही नकोसं झालं असेल, रात्र रात्र झोप लागत नसेल, तर गोधडीचं राहू द्या आणि डॉक्टरांना दाखवा. पण तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. ऊन डोक्यावर घेऊन मधल्या मारुतीच्या गर्दीतून चाटी गल्लीत जाणारी आणि कापड हाताळून आणणारी बाई खचलेली नसते.

आता उपाय. गोधडीला जमीन लागते ती फक्त एकदा, थर बसवताना. थर एकदा कच्च्या टाक्यांनी एकमेकांना पक्के धरले की पुढचं सगळं काम मांडीवर होतं. आपल्या आया-आज्यांना याची गरज नव्हती, कारण त्यांना सोपा होता. कडेवरून धावदोरा घालत घालत त्या आत यायच्या, गोधडी फरशीवरून हलतच नव्हती. आपल्याला ती हलवायची आहे, म्हणून आपण कच्चे टाके जास्त घालायचे.

एक दिवस ठरवा. एकच. त्या दिवशी वरच्या मावशींना बोलवा, आणखी एक-दोघी असतील तर उत्तम. हॉल रिकामा करा, नाहीतर सकाळी सातला गच्चीवर जा. नऊ-साडेनऊपर्यंत ऊन सोसतं. खालचं कापड उलटं अंथरा, म्हणजे त्याची सुलट बाजू फरशीला. दोघींनी समोरासमोर धरून ताणा, कोपऱ्यांवर वजनं ठेवा. प्रत्येक थर तसाच. सगळ्यात वर तुमची ठिगळांची बाजू. मग मध्यापासून कडेकडं जात वीत-वीत अंतरावर लांब लांब टाके घाला, आधी उभे, मग आडवे. मध्यापासून अशासाठी की सुरकुती बाहेर ढकलली जाते. कडेकडून आत आलात तर ती मध्ये अडकते आणि तिथं कायमचा फुगा राहतो. दोरा मुद्दाम वेगळ्या रंगाचा घ्या, काळ्या कापडावर पांढरा, म्हणजे शेवटी उपसताना खरा कुठला नि कच्चा कुठला हे शोधत बसायला लागत नाही. टाक्यांचा कंटाळा असेल तर मोठ्या सेफ्टी पिना लावा, पण मोजून. पिनांचं मी शेवटी सांगते.

तिघी असाल तर हे दोन तासांचं काम आहे. झालं की दोन्ही टोकांकडून सुरळी करा आणि मधला हात-दीड हात भाग उघडा ठेवा. आता ही सुरळी घेऊन दिवाणावर बसा, खुर्चीत बसा, बाल्कनीत बसा. बेल वाजली तर बाजूला ठेवा आणि उठा. परत आलात तर सुई जिथं खोचली होती तिथंच असते. ही सुरळी कपाटात मात्र ठेवायची नाही. दिवाणाच्या कडेला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवा. पाहुणे विचारतील, विचारू द्या.

मावशींना दोनदा परत पाठवलंत ते मला फार लागलं. त्या 'बोंत' म्हणतात, अक्कलकोट-इंडीकडच्या बायका 'कौदी' म्हणतात, आपण गोधडी नाहीतर वाकळ म्हणतो. या गावात तीन भाषांच्या बायकांनी एकमेकींच्या घरात बसून टाके घातलेत. तुम्हाला पसाऱ्याची लाज वाटली. अहो, त्या पसारा बघायलाच येणार होत्या!

हवेचंही एक आहे, आणि ते तुम्ही अजिबात लिहिलं नाही. पाऊस सरला की गोधडीचे दिवस, हे खरं. पण सोलापूरचा ऑक्टोबर म्हणजे दुसरा उन्हाळा. भर दुपारी पाच थरांचं कापड मांडीवर घेऊन बसायचं, पंखा लावला तर कातरणं उडतात, बंद केला तर घामानं सुई सटकते. वाड्यात भिंती जाड होत्या, सोप्यात गारवा असायचा. फ्लॅटच्या हॉलमध्ये तीन वाजता कुणाला हौस येईल? वेळ बदला. पहाटे चहा झाल्यावर तासभर, किंवा संध्याकाळी सहानंतर. तिन्हीसांजेला सुई धरू नये म्हणतात. मला विचाराल तर तो नियम कंदिलाच्या उजेडातला आहे. एलईडीचा दिवा डाव्या खांद्यामागून येईल असा लावा आणि बसा.

आणि सकाळीच दहा सुया ओवून पिनकुशनला टोचून ठेवा. बसल्यावर दर दहा मिनिटांनी सुई ओवण्यात जीव जातो, आणि आपण म्हणतो कंटाळा आला. आमची आत्या शाळेत जाणाऱ्या पोरांना दारात अडवायची. प्रत्येकानं दोन सुया ओवायच्या, मगच दप्तर. दोरा सुती घ्या, दीड हातापेक्षा लांब नको, आणि मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्या म्हणजे गुंता होत नाही.

आता तुमच्या यादीकडं येते. सात गोधड्या आहेत हो त्यात! पाच नव्या आणि दोन माळ्यावरच्या. त्यातल्या चार मी आत्ताच फाडून टाकते, मला शिव्या द्या.

मोर. व्हिडिओत बघितलेला असणार. तो गोधडीपेक्षा चित्रात जास्त मोडतो, आणि तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल मायेचा एक शब्द नाही. गेला.

युनिफॉर्मची कातरणं. आपलं गाव देशभरातल्या शाळांचे गणवेश शिवतं, त्यामुळं निळ्या-खाकी-मरून तुकड्यांचा ढीग किलोवर मिळतो आणि आपल्याला वाटतं फुकटात सोनं मिळालं. पण ते बहुतेक टेरिकॉट. हातसुई त्यात अडते, बोट दुखतं, घाम शोषत नाही, आणि सुती ठिगळांबरोबर मिसळलं तर पहिल्या धुण्यात सुती आटतं नि ते आटत नाही. गोधडीला गळू आल्यासारखं दिसतं. याची मशीनवर बस्करं करा, दारात टाका. नाहीतर सरळ कुणाला तरी देऊन टाका. कपाट रिकामं होईल.

ऑर्डर. परत करा. हे सांगताना मी मागं-पुढं बघत नाही. डबलबेडची, दिवाळीपर्यंत, दुसऱ्याच्या आवडीच्या रंगात, आणि तीही दोन वर्षांत हात न चाललेल्या बाईनं! रोज सकाळी उठल्यावर पहिली तीच आठवते ना? त्या ओझ्याखाली बाकीच्या सगळ्या दबल्यात. मोबाइल घ्या आणि लिहा: 'दिवाळीपर्यंत जमणार नाही, ५०० रुपये परत पाठवते, राग मानू नकोस.' बस. तब्येतीचं कारण लिहू नका, आजारपण ओढवून घ्यायचं नाही. पुतणी दोन दिवस तोंड फुगवेल, चकल्या पाठवल्या की येईल.

माळ्यावरच्या दोन. याच पितृपक्षात त्या खाली काढा. नवीन सुरू करायचं नाही ना? मग जुनं उसवायला, आवरायला, रफू करायला कुठं मनाई आहे? तुमचा पंधरवडा वाया वगैरे काही जात नाही. दोन्ही उलगडून फरशीवर टाका आणि तळहात फिरवा. जिचे थर सपाट लागतात ती ठेवा, तिला कच्चे टाके घालून घ्या, ती दिवाळीनंतर संपेल. जिच्यात हाताला वळकट्या लागतात ती उसवून टाका. लाज कसली? आतली लुगडी मऊ झालेली असतील, ती दुपट्याला येतील. घटस्थापनेच्या आधी दसरा काढालच ना, घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायला? पाणी येण्याचा दिवस धरून त्यातच हेही उरकून घ्या.

आता उरलं दुपटं. ते आधी करा, कारण ते तुमच्या डायनिंग टेबलावर मावतं. तीन फूट बाय तीन फूट, फरशीची भानगडच नाही. उसवलेल्या लुगड्याचे दोन थर आत, वर-खाली मऊ सुती, बस. पौषात थंडी असली तरी जाड करू नका, ते बाळाच्या अंगाखाली घालायचं आहे. झोपलेल्या तान्ह्यावर जड पांघरूण नको असतं. टिकल्या, आरसे, बटणं, लोंबते गोंडे काही लावू नका, बाळाचं सगळं तोंडात जातं. लाल, मरून नवीन कापड घेणार असाल तर आधी एक तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबा आणि वरून इस्त्री फिरवा. फडक्याला डाग लागला तर ते कापड बाळाला नको. मिठाच्या पाण्यात घातलं की रंग पक्का होतो म्हणतात, त्याच्यावर भिस्त ठेवू नका. हे दुपटं आठ दिवसांत होतं, आणि दोन वर्षांनी हातातून काहीतरी पुरं होऊन निघतं. लेकीला आत्ताच फोटो पाठवू नका. पाठवला की ती म्हणेल कडेला पिवळं लाव.

आणि सासूबाईंची इरकल.

ती कापायचीच नाही. तुम्हाला कुणी सांगितलं कापायची? नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट. घरी मोजून बघा, थोडं इकडं-तिकडं असेल. तिच्या चार सारख्या घड्या घातल्या, एकीवर एक, नागमोडी, की पावणेसात फूट लांब आणि पन्ह्याएवढे म्हणजे पावणेचार-चार फूट रुंद चार थर तयार होतात. एका माणसाची गोधडी! कात्री लावायची गरज नाही. वरून एक आणि खालून एक सुती कापड आलं की झाली. अख्खं लुगडं आत झोपून राहील.

दोन गोष्टी सांभाळा. इरकलीचा काठ जाड असतो. घडी सरळ घातलीत तर दोन्ही लांब कडांना चार-चार काठ एकावर एक येतील आणि तिथं सुई मोडेल, दाभण घेतलं तरी मोडेल. म्हणून प्रत्येक घडी आधीच्या घडीपेक्षा काठाच्या रुंदीएवढी बाजूला सरकवा, पायऱ्यांसारखी. मग प्रत्येक ठिकाणी एकच काठ लागतो. आणि दुसरं, टोपपदर. पदराचं टोक सगळ्यात वरच्या घडीवर येईल असं बघा, आणि ते उशाकडं घ्या, पायाकडं जाऊ देऊ नका. वरचं कापड त्या बाजूला हात-दीड हात आखूड ठेवलंत तर तो लाल पदर उघडाच राहील. पदराला धावदोरा जवळजवळ घालू नका, रेशमात भोकं दिसतात. चार बोटं अंतर पुरे.

याचा हिशेबही सांगते, कारण 'मोठं काम आहे' या शब्दांनीच माणूस अर्धा मरतो. चार फूट रुंदीत बोट-बोट अंतरानं ओळी घातल्या तर साधारण साठ ओळी होतात. एक ओळ दोन मीटर. म्हणजे १२० मीटर धावदोरा, बाकी काही नाही. माझ्या हाताला एक ओळ वीस-पंचवीस मिनिटं लागते. तुमचा हात माझ्यापेक्षा चलाख असेल. रोज तीन ओळी धरल्या तर वीस दिवस.

थर बसवायचा दिवस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा धरा, एकादशीचा. तिथून बरोबर महिन्यानं कार्तिकी एकादशी. मधले दोन दिवस कोजागरीला सोडा. तुम्ही तुळजापूरला चालत जात असाल तर ४५ किलोमीटरनंतर पायच काय, बोटंही चालत नाहीत. दिवाळीचे सहा दिवस सोडा, फराळाच्या तुपकट हातानं सुती कापडाला शिवूच नका. तरी बावीस दिवस उरतात. साठ ओळींना वीस पुरतात. पंढरपुरात कार्तिकीची गर्दी जमेल तोवर तुमची शेवटची ओळ ओढून झालेली असेल. नसेल झाली तर तुळशीच्या लग्नापर्यंत वेळ आहे, कुणी मोजायला येत नाही.

आमची आत्या शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत भाकरीचा चिमूटभर तुकडा घालायची. गोधडीचं पोट रिकामं ठेवू नये म्हणायची. मुंग्यांची भीती वाटत असेल तर ज्वारीचे दोन कोरडे दाणे घाला. सासूबाईंची असेल तशी रीत करा. तुम्हाला ती माहीत असणारच.

व्हिडिओंचं फार काही बोलत नाही. बघा, पण सुई हातात असताना. नुसतं बघितलं की शिवल्याचं समाधान डोळ्यांना मिळून जातं आणि हात तसेच उपाशी राहतात. आणि कार्तिकीपर्यंत चाटी गल्लीची पायरी चढायची नाही. कपाटातलं आधी संपवा.

यजमानांचं राहिलं. चादरींच्या गावात गोधडी कशाला, हा प्रश्न सोलापुरातल्या प्रत्येक घरात कुणीतरी विचारतंच. आपली चादर नामी आहे, भौगोलिक मानांकन मिळवलेली आहे, पाहुण्याला तीच द्यायची. पण ती मागावर विणली जाते, तिच्यात कुणाचं लुगडं घालता येत नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. एकादशीच्या दिवशी दिवाण सरकवायला त्यांनाच बोलवा, आणि कापड ताणताना एक बाजू त्यांच्या हातात द्या. त्यांच्याच आईचं लुगडं आहे ते. पदर कुठल्या बाजूला घ्यायचा हेही त्यांनाच विचारा. तुमचं ठरलेलं असलं तरी विचारा.

आणि पिना. लावताना मोजा, आकडा कागदावर लिहून सुरळीला अडकवा, काढताना परत मोजा. साठ लावल्या तर साठच निघाल्या पाहिजेत. एकोणसाठ निघाल्या तर गोधडी कुणाच्या अंगावर जाऊ देऊ नका. दुपट्याला तर पिना लावूच नका, नुसते टाके घाला. फ्लॅटमध्ये आल्यावर पुऱ्या केलेल्या माझ्या पहिल्या गोधडीत एक पिन अजून आहे. मी तीन वेळा चाचपली, सापडली नाही. ती नेमकी कुठं आहे, हे फक्त आमच्या ह्यांना माहीत आहे, आणि दर हिवाळ्यात एकदा ते मला ओरडून सांगतात.